पासोडी ते एसएसडी

"घरच्या पीसीला कुठली एसएसडी घेऊ?" हा प्रश्न नात्यातल्या सॉफ्टवेअरवाल्याला विचारायचा असा एक अलिखित नियम आहे. आपण दिवसभर जावा लिहितो की टेस्टिंग करतो याच्याशी विचारणाऱ्याला काही घेणंदेणं नसतं. कॉम्प्युटरमधला आहे ना, मग त्याला प्रिंटरपासून डिस्कपर्यंत सगळं कळत असणार! त्यात ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 चे मोफत अपडेट थांबले आणि जुन्या डबड्यांचं काय करायचं हा प्रश्न घरोघरी आला. तेव्हापासून माझ्याकडे सरासरी आठवड्याला एक फोन.

यातला एक फोन अंबाजोगाईहून मामांचा होता. निवृत्त शिक्षक. त्यांनी कुठली घेऊ असं विचारलंच नाही. ते म्हणाले, "घ्यायचं ते घे, पण किती वर्षं टिकंल रे ही?"

प्रश्न साधा वाटतो, पण नेटवरच्या परीक्षणांत त्याचं उत्तर सापडत नाही. तिथे सेकंदाला किती मेगाबाइट याचे आलेख असतात. टिकण्याचं उत्तर शोधायला गेलो तर ते अर्धं जपानमधल्या एका प्रयोगशाळेत निघालं आणि अर्धं चक्क मामांच्या गावात. म्हणून या वीकांताला हा लेख. ज्यांना फक्त "कुठली घेऊ"चं उत्तर हवंय त्यांनी शेवटाकडे उडी मारली तरी चालेल, पण मधली मजा हुकेल.

आधी मामांच्या पीसीवर काय आहे ते सांगतो. 2013 चा डेस्कटॉप, आत फिरणारी हार्ड डिस्क, जी आता मधूनच कट्-कट् आवाज करते. तिच्यावर लग्नांचे व्हिडिओ, नातवंडांचे फोटो, आणि एक फोल्डर: "जुने कागद". आजोबांच्या ट्रंकेतल्या मोडी आणि उर्दू कागदांचे मामांनी स्वतः काढलेले फोटो. जमिनीच्या नोंदी, पावत्या, एक जमाखर्चाची वही. मूळ कागद आता घडीवर तुटायला लागलेत.

बीड जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे जुन्या घरांतून असे उर्दू-मोडी कागद निघतात. पूर्वी त्यांना रद्दीचा भाव होता. सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यात निजामकालीन दस्तांतल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू केला आणि ट्रंका उघडल्या. आरक्षणाच्या वादात कुणाचं काय मत आहे तो भाग सोडून द्या. मुद्दा एवढाच की शंभर वर्षांपूर्वी कुणा कारकुनाने लिहिलेला एक शब्द टिकला की नाही यावर आजच्या मुलांच्या दाखल्यांची गणितं अवलंबून राहिली. तेव्हा "किती वर्षं टिकंल" हा प्रश्न मामांना उगाच पडलेला नाही.

आता अंबाजोगाई. माहिती साठवण्याच्या इतिहासाचं एखादं संग्रहालय काढायचं झालं तर या गावाइतकी चांगली जागा शोधून सापडणार नाही. यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर इथला. तेराव्या शतकातले त्याचे शिलालेख गावात आहेत. दगड हे माध्यम आपल्या भाषेत रॉम म्हणायचं: एकदाच लिहा, शेकडो वर्षं वाचा, दुरुस्ती नाही, आणि दर अक्षरामागे खर्च भयंकर. म्हणून दगडावर राजे आणि दानपत्रं. बाकीच्यांनी काय करायचं?

बाकीच्यांपैकी एकाने कापड घेतलं. दासोपंत (1551 ते 1615) एकनाथांचे समकालीन. जन्म नारायणपेठचा, पण आयुष्य गेलं अंबाजोगाईत. मराठीत त्यांच्याइतकं लिहिणारा माणूस विरळाच. गीतेवरचा त्यांचा 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा आहे असं सांगतात. ज्ञानेश्वरी साधारण नऊ हजार ओव्यांची, यावरून अंदाज करा. याच दासोपंतांनी 'पंचीकरण' हा वेदान्ताचा विषय चक्क पासोडीवर लिहून काढला. पासोडी म्हणजे शेतकरी अंगावर घेतो ते जाड खादीचं पांघरूण. ही पासोडी सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद, तिच्यावर सोळाशेच्या आसपास ओव्या आणि मधे मधे आकृत्या. आजच्या भाषेत भलं मोठं पोस्टर प्रेझेंटेशन! चारशे वर्षांनंतरही ती अंबाजोगाईत आहे.

आता थोडा हिशेब, सवयीप्रमाणे. युनिकोडमध्ये (यूटीएफ-8) देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह 3 बाइट खातं, काना-मात्रा-वेलांट्यांचे वेगळे. एक ओवी ढोबळमानाने 200 बाइट धरू. म्हणजे 160 चौरस फुटांची अख्खी पासोडी झाली 320 किलोबाइट. चौरस फुटाला 2 किलोबाइट. आकृत्या धरलेल्या नाहीत, पण अंदाज येतो. आणि सव्वा लाख ओव्यांचा गीतार्णव? 25 मेगाबाइट. हा 25 चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आयबीएमने पहिली हार्ड डिस्क 1956 साली बाजारात आणली, रामॅक या यंत्राबरोबर. दोन-दोन फूट व्यासाच्या 50 तबकड्या, वजन टनाच्या घरात, आणि मावणार किती तर 50 लाख अक्षरं. दासोपंतांची पासोडी तिच्यात आरामात मावली असती, गीतार्णव नाही. पुढची पन्नास वर्षं कल्पना तीच राहिली: फिरणारी तबकडी आणि तिच्यावर सरकणारा हात. तबकड्या लहान झाल्या, घनता अफाट वाढली, पण फिरणं काही सुटलं नाही. मिनिटाला 7200 फेरे म्हणजे एका फेऱ्याला 8.3 मिलिसेकंद. हवी ती जागा हाताखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबायचं, शिवाय हात सरकायचा वेळ वेगळा. म्हणजे सेकंदाला शंभरेक वेळाच वेगवेगळ्या जागी जाता येतं. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली वाचते. तेवढ्या वेळात तुमचा चहा होतो तो या फेऱ्यांमुळे. प्रोसेसर बिचारा बदनाम होतो.

न फिरणारी साठवण बनली ती दुसऱ्याच वाटेने. 1967 साली बेल लॅब्जमध्ये डॉन कांग आणि सायमन झी यांनी 'फ्लोटिंग गेट'ची कल्पना मांडली. ट्रान्झिस्टरच्या आत चारही बाजूंनी विद्युतरोधक थरात बंद केलेला एक छोटा कप्पा. त्यात इलेक्ट्रॉन कोंडले की वीज गेली तरी ते तिथेच राहतात. कप्पा भरलेला आहे की रिकामा एवढं वाचता आलं की झाला एक बिट. पुढे तोशिबातल्या फुजियो मासुओका यांनी असे कप्पे स्वस्तात आणि दाटीवाटीने मांडायची युक्ती काढली. एकेक कप्पा पुसण्याची सोय ठेवण्याऐवजी हजारो कप्पे एका दमात पुसायचे. कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखं लखकन पुसलं जातं म्हणून त्यांच्या एका सहकाऱ्याने नाव सुचवलं 'फ्लॅश'. 1984 मध्ये त्यांनी पहिला प्रकार (नॉर) जगापुढे ठेवला आणि 1987 मध्ये दुसरा, नॅन्ड. आज तुमच्या फोनमध्ये, पेनड्राइव्हमध्ये आणि एसएसडीमध्ये आहे तो नॅन्ड. मासुओकांना कंपनीकडून या शोधाचं म्हणावं तसं मोल मिळालं नाही. 2004 मध्ये ते कोर्टात गेले आणि 2006 मध्ये 8 कोटी 70 लाख येनवर तडजोड झाली. ज्या वस्तूवर अब्जावधींचा धंदा उभा आहे तिच्या मानाने ही चिल्लरच.

हजारो कप्पे एकदम पुसायचे, या एका गोष्टीत एसएसडीचा सगळा स्वभाव आला. आपल्या जुन्या शाळांतली धूळपाटी आठवा. पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षरं काढायची. चुकलं तर मधलंच एक अक्षर नीट पुसता येत नाही, पाटी हलवून सगळीच धूळ सारखी करावी लागते. फ्लॅशचं तेच. एक अक्षर बदलायचं तरी नवीन मजकूर दुसऱ्या कोऱ्या जागी लिहायचा, जुनी जागा बाद धरायची आणि सवडीने अख्खी पाटी पुसायची. कुठला मजकूर सध्या कुठल्या पाटीवर आहे याची वही ठेवावी लागते. ती वही सांभाळणारा कारकून म्हणजे एसएसडीमधला कंट्रोलर. आणि दर वेळी पुसताना तो विद्युतरोधक थर किंचित झिजतो. म्हणून प्रत्येक पाटी ठरावीक वेळाच पुसता येते. एकच पाटी झिजू नये म्हणून कारकून सगळ्या पाट्या आलटून पालटून वापरतो.

1988 साली अमेरिकेत सनडिस्क नावाची कंपनी निघाली (स्पेलिंग पुढे बदललं, तीच आजची सॅनडिस्क). तिच्या तीन संस्थापकांपैकी एक आपल्या कानपूरचे संजय मेहरोत्रा, जे 2017 पासून मायक्रॉनचे प्रमुख आहेत. या कंपनीने 1991 मध्ये आयबीएमसाठी फ्लॅशची डिस्क बनवली. क्षमता 20 मेगाबाइट, किंमत हजार डॉलरच्या घरात. आता तो 25 चा आकडा आठवा. हजार डॉलर मोजूनही दासोपंतांचा गीतार्णव तिच्यात मावला नसता! घरगुती ग्राहकाने विचार करावा अशी एसएसडी यायला 2008 उजाडलं. इंटेलची 80 गिगाबाइटची एक्स25-एम तेव्हा सुमारे 600 डॉलरला होती. आज करंगळीएवढ्या पट्टीवर (22 मिलिमीटर बाय 80 मिलिमीटर) एक टेराबाइट येतं, म्हणजे चाळीस हजार गीतार्णव.

हे स्वस्त कसं झालं? दोन वाटांनी. एक, 2013 पासून कप्पे मजल्यांवर मजले चढवून रचायला लागले. आपल्याकडे जमीन महागली की टॉवर उठतात, तसंच. दुसरी वाट मात्र ग्राहकाने समजून घ्यावी अशी आहे. एका घागरीत पाणी आहे की नाही एवढंच बघितलं तर एक बिट. हे एसएलसी. पण पातळी बघून रिकामी, पाव, अर्धी, भरलेली असे चार प्रकार ओळखले तर त्याच घागरीत दोन बिट (एमएलसी). आठ पातळ्या ओळखल्या तर तीन बिट (टीएलसी), सोळा ओळखल्या तर चार (क्यूएलसी). घागर तीच, पण खुणा जितक्या जवळ तितकी पातळी वाचताना चूक व्हायची शक्यता जास्त, भरायला वेळ जास्त, आणि थोडं पाणी पाझरलं तरी गोंधळ. म्हणून क्यूएलसी स्वस्त आणि टीएलसी थोडी महाग. 2025 च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे मेमरीबरोबर एसएसडीचेही भाव चढले, त्यामुळे स्वस्तात काय मिळतंय हे बघायचा मोह वाढलाय. तेव्हा हा फरक माहीत असलेला बरा.

मग मामांच्या प्रश्नाचं काय? दासोपंतांबद्दल एक गोष्ट सांगतात की त्यांना लिहायला रोज एका ढब्बू पैशाची शाई लागायची. खरं-खोटं बाजूला ठेवू, पण एसएसडीचं आयुष्य अगदी असंच मोजतात: रोज किती शाई! खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात टीबीडब्ल्यू नावाचा आकडा असतो, म्हणजे आयुष्यभरात एकूण किती टेराबाइट लिहिता येतील याची हमी. एक टेराबाइटच्या चांगल्या टीएलसी डिस्कला हा आकडा साधारण 600 असतो. घरच्या पीसीवर दिवसाला 20 गिगाबाइट लिहिले जातात असं धरा (मामा याच्या निम्मेही लिहीत नसतील). वर्षाला 7.3 टेराबाइट. 600 ला 7.3 ने भागलं तर 82 वर्षं. स्वस्त क्यूएलसीचा आकडा 200 च्या आसपास असतो, तरी 27 वर्षं होतात. म्हणजे शाई संपण्याच्या भीतीने रात्रीची झोप घालवायचं कारण नाही. त्याच्या आधी मदरबोर्ड भंगारात जाईल.

पण शाई संपली नाही म्हणून पोथी सुखरूप राहते असं नाही. एसएसडी मरते ती बहुधा इतर कारणांनी, आणि इथे बीड जिल्हा पुन्हा मधे येतो.

पहिलं कारण वीज. परळीला औष्णिक विद्युत केंद्र आहे, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून. वीज तयार करणारा जिल्हा, पण उसासारखीच विजेचीही गंमत अशी की पिकतं एकीकडे आणि गोडवा दुसरीकडे. 2013 आणि 2015 च्या दुष्काळात तर पाणी नाही म्हणून परळीचे संच बंद ठेवावे लागले होते. भारनियमनाचे जुने दिवस गेले असले तरी मे-जूनच्या वळवात वीज जाणं-येणं चालूच असतं. कंट्रोलर आपल्या वहीत नोंद करत असताना अचानक वीज गेली तर ती वहीच अर्धवट राहू शकते. सर्व्हरसाठीच्या महाग एसएसडीत यासाठी छोटे कपॅसिटर असतात, जे वीज गेल्यावर नोंद पुरी करण्याइतका वेळ देतात. घरगुती डिस्कमध्ये ते सहसा नसतात. म्हणून डेस्कटॉप असेल तर डिस्कपेक्षा आधी यूपीएस. लॅपटॉपवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, तुमची बॅटरी आहेच.

दुसरं कारण ऊन. कप्प्यात कोंडलेले इलेक्ट्रॉन कायमचे कोंडलेले नसतात. हळूहळू पाझरतात, आणि उष्णतेत जास्त पाझरतात. उद्योगाचं मानक (जेडेक) असं सांगतं की घरगुती एसएसडी तिची ठरलेली सगळी शाई संपल्यानंतरही, वीज न देता 30 अंश सेल्सियसला एक वर्ष माहिती धरून राहिली पाहिजे. नवी डिस्क याहून पुष्कळ जास्त धरते. पण मानकातली हमी तेवढीच, आणि तीही 30 अंशांची. अंबाजोगाईत मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतलं कपाट कुठे पोचत असेल ते तुम्हीच सांगा. थोडक्यात, एसएसडी किंवा पेनड्राइव्ह ही रोज वापरायची वस्तू आहे. "महत्त्वाचं आहे म्हणून कपाटात जपून ठेवलंय" हे सोन्याला चालतं, फ्लॅशला नाही.

तिसरं कारण मला सगळ्यात जास्त खटकतं. हार्ड डिस्क म्हातारी झाली की बहुतेक वेळा कुरकुरते. मामांची कट्-कट् करतेय तशी. तेवढ्यात माणूस सावध होतो. एसएसडीचा कंट्रोलर गेला तर ती एका सकाळी नुसती दिसेनाशी होते. शिवाय पुसलेल्या फाइलीही परत मिळणं अवघड, कारण 2009 च्या विंडोज 7 पासून 'ट्रिम' नावाची आज्ञा आहे. तुम्ही फाइल पुसली की यंत्रणा डिस्कला सांगते, ही जागा आता बाद. मग कारकून ती पाटी सवडीने खरोखरच पुसून टाकतो.

म्हणजे वेगवान, झिजेची चिंता नाही, पण कधी न सांगता जाईल याचा नेम नाही. अशा माध्यमावर "जुने कागद" ठेवायचे कसे? इथे पुन्हा बीडकडेच वळतो.

परंपरा सांगते की मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' शके 1110 मध्ये, म्हणजे 1188 साली लिहिला, आणि त्यांची समाधी अंबाजोगाईत आहे. मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून आपण शाळेत तो पाठ केलाय. त्याची मुकुंदराजांच्या हातची पोथी नाही. आहेत त्या नकला, आणि नकलांच्या नकला. दर पिढीत कुणीतरी बसून पुन्हा लिहून काढला म्हणून ग्रंथ उरला. पण त्याची किंमतही मोजावी लागली. नकलणारा नकळत आपल्या काळची भाषा घालत गेला. आजच्या प्रतींची भाषा बाराव्या शतकाच्या मानाने नवी वाटते आणि म्हणून त्या 1188 वर अभ्यासक अजून भांडतात. नक्कल करताना बिट बदलले की काय होतं, त्याचं हे उदाहरण.

यावरचा उपायही शेजारीच निघाला, गोदावरीपलीकडे पैठणला. ज्ञानेश्वरीला तीनशे वर्षं होत आली तोवर तिच्या नकलांत इतके फरक पडले होते की एकनाथांनी शके 1506 (1584) मध्ये पोथ्या ताडून पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि यात कुणी आपल्या ओव्या घुसवू नयेत अशी तंबीही दिली. आजच्या भाषेत हे झालं चेकसम आणि रीड-ओन्ली.

आणि तिसरी गोष्ट, जी ऐकून कुठल्याही सिस्टिम अ‍ॅडमिनच्या पोटात गोळा येईल. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना बीडला पाटांगणावर ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. त्यांच्या मते ती एकनाथांच्याही आधीची होती. राजवाड्यांनी ती संपादून 1909 मध्ये छापली. मूळ पोथी मात्र पुढे अभ्यासकांना तपासायला मिळाली नाही. ती कशी गेली याबद्दल राजवाड्यांच्या संतापी स्वभावाच्या गोष्टी सांगतात, त्या सोडून देऊ. उरलं काय, तर छापील पुस्तक. आज 'राजवाडे प्रत' म्हणून जिचा आधार घेतला जातो ती छापलेली नक्कल आहे. 1909 मध्ये ती छापली गेली नसती तर बीडच्या पोथीतला एक शब्दही आपल्याला माहीत नसता.

तुम्ही म्हणाल, मग पासोडी? ती तर एकच होती आणि टिकली की! बरोबर. पण ती कापड मजबूत होतं म्हणून टिकली नाही. तशा पासोड्या मराठवाड्यात लाखो विणल्या गेल्या आणि पोतेऱ्यात गेल्या. ही टिकली कारण एका घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तिला देवघरातली वस्तू मानलं, उंदीर-कसर-ओल यांपासून राखलं. म्हणजे टिकायचे मार्ग दोनच: नकला, नाहीतर राखणदार. माध्यम कुठलं याचा नंबर तिसरा. आणि आपल्या पिढीत चारशे वर्षं टिकणारा राखणदार कुणाच्या घरी आहे? मी पुण्यात, मामेभाऊ बंगळुरात. तेव्हा नकला.

एक शेवटचा काटा. नक्कल राहिली तरी वाचता आली पाहिजे. मामांच्या डिस्कवर आजोबांच्या भजनांच्या वहीची एक फाइल आहे, 2004 साली डीटीपीच्या दुकानात टाइप करून घेतलेली. युनिकोडच्या आधीचा फॉन्ट. तो फॉन्ट नसलेल्या पीसीवर उघडली की भजनाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. आजोबांचं मोडी आम्हाला वाचता येत नाही आणि वीस वर्षांपूर्वीचं मराठी संगणकाला! (मोडीला युनिकोडमध्ये 2014 साली जागा मिळाली, हे जाता जाता.) तेव्हा डिस्क बदलताना अशा जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणून ठेवा. कन्व्हर्टर चकटफू मिळतात.

तर मंडळी, उत्तर. मामांसाठी काय केलं ते सांगतो, तुमच्या घरालाही बहुतेक लागू पडेल.

त्या जुन्या मदरबोर्डवर एम.2 ची खाच नव्हती, त्यामुळे अडीच इंची साटा एसएसडी. साटाचा वेग सेकंदाला 550 मेगाबाइटच्या पुढे जात नाही आणि एनव्हीएमई काही हजारांत जातं हे खरं. पण हार्ड डिस्कवरून येणाऱ्याला खरा फरक जाणवतो तो फेरे थांबल्याचा, आणि तो साटावरही तेवढाच जाणवतो. (नवा बोर्ड असेल तर एनव्हीएमईच घ्या, पण खाच एनव्हीएमईची आहे की नुसती साटाची ते मॅन्युअलमध्ये बघून.) टीएलसी, पाच वर्षांची वॉरंटी, टीबीडब्ल्यू छापलेला, आणि बिल देणारं दुकान. नाव न ऐकलेल्या कंपनीची "2 टीबी" फुकटात मिळाल्यासारखी दिसली तर समजावं की आत 64 जीबीची चिप आहे आणि खोटं बोलणारा कंट्रोलर. क्षमता 500 जीबी. मामांचा सगळा संसार 60 जीबीत बसतो, त्यांना 2 टीबी कशाला?

त्या प्रोसेसरवर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही, म्हणून लिनक्स मिंट. मामांना ब्राउझर आणि फोटो लागतात, दोन्ही आहे.

वाचलेल्या पैशांत एक छोटा यूपीएस आणि एक बाहेरची हार्ड डिस्क. हो, फिरणारीच. महिन्यातून एकदा जोडायची, नक्कल करायची, काढून ठेवायची. तिच्यावर माहिती चुंबकीय खुणांत असते, त्यामुळे वर्षभर वीज मिळाली नाही म्हणून ती विसरत नाही. तिसरी नक्कल माझ्याकडे पुण्यात. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमं, एक परगावी. जगभरचे फोटोग्राफर आणि सर्व्हरवाले हाच नियम पाळतात. "जुने कागद" फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलचा चेकसम काढून एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवलाय. दर दिवाळीला ताडून बघायचा. नाथांनी पोथ्या ताडल्या, आपल्याला एक कमांड पुरते.

खर्चाची विभागणी विचाराल तर एसएसडीला निम्म्याहून कमी पैसे गेले. उरलेले सगळे नकलांना आणि विजेला. दुकानदार नेमका उलटा सल्ला देईल, कारण त्याच्याकडे नक्कल विकायला नसते.

मामांना फोनवर सांगितलं, "डिस्क टिकेल सात-आठ वर्षं, कदाचित पंधरा. उद्याही जाईल. कागद मात्र टिकतील, दर पाच-सात वर्षांनी कुणीतरी नव्या डिस्कवर उतरवले तर."

मामा म्हणाले, "म्हणजे पोथी नकलायचीच की."

हो. तेवढंच.